न शिजलेल्या पदार्थाची चव

२०२४च्या फेब्रुवारीत स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात एका गोदामाबाहेर पोलिसांना बोलवावं लागलं. विली वाँका या काल्पनिक चॉकलेटवाल्याच्या कारखान्याची सफर घडवणारा एक कार्यक्रम तिथे भरला होता. जाहिरातीतल्या चित्रांमध्ये मिठाईचे डोंगर होते आणि तिकीट होतं ३५ पौंडांपर्यंत. प्रत्यक्षात जवळपास रिकामं गोदाम, तुरळक सजावट, प्रत्येक मुलाच्या हातावर एखाद-दुसरी जेलीची गोळी आणि पाव कप लेमोनेड. मुलं रडली, पालक संतापले, कार्यक्रम त्याच दिवशी गुंडाळला गेला. फोटो जगभर फिरले.

पालकांची फसवणूक झाली, यात वाद नाही. पण त्या मुलांना नेमकं काय हवं होतं, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. साधं चॉकलेट तर कुठल्याही दुकानात मिळतं. त्यांना हवं होतं ते वाँकाचं चॉकलेट, जे आजवर कुणाच्याच जिभेला लागलेलं नाही. जो पदार्थ कधी शिजलाच नाही त्याची इतकी ओढ लागते कशी? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या बर्गर साखळीने ‘स्पंजबॉब’ या कार्टूनमधली ‘क्रॅबी पॅटी’ काही दिवसांसाठी विकायला आणली, तेव्हाही लोकांनी गर्दी केली. पंचवीस वर्षं फक्त रेषा आणि रंग असलेला तो बर्गर.

हा विषय वरवर पोरखेळ वाटतो. पण त्यात मेंदूचं शास्त्र आहे, अर्थकारण आहे आणि न्यायालयांचे निकालही आहेत. एकेक धागा उलगडू.

काल्पनिक पदार्थ म्हणायचं कशाला?

सिनेमात लोक जेवतात म्हणून ते जेवण काल्पनिक होत नाही. ‘रॅटटुई’ (२००७) या ॲनिमेशनपटात उंदीर जो भाज्यांचा पदार्थ रांधतो, तो खरा आहे. पातळ चकत्यांची ती मांडणी फ्रेंच आचारी मिशेल गेरार यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या पाककृतीवरून आली, आणि सिनेमासाठी ती अमेरिकी आचारी थॉमस केलर यांनी घडवून दिली. सामग्री आणली तर उद्या करता येईल.

काल्पनिक पदार्थ कथेसोबतच जन्माला येतो. कधी तो मुळातूनच अशक्य असतो, जशी वाँकाची कितीही चघळली तरी न संपणारी गोळी. कधी वस्तू ओळखीची असते पण तिचं रहस्य झाकलेलं असतं. क्रॅबी पॅटी दिसायला साधा बर्गर आहे, पण तिच्या पाककृतीसाठी मालिकेतला शत्रू जंग जंग पछाडतो आणि आपल्याला ती कधीच कळत नाही. आणि कधी, हा माझा सर्वांत आवडता प्रकार, जे अन्नच नाही ते अन्न होतं. त्याच्याकडे लगेच येऊ.

पडद्यातून चव येते कुठून?

आधी दोन शब्द वेगळे करू, कारण बोलताना आपण ते एकच धरतो. चव म्हणजे जिभेला कळतं ते: गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवी, मांसाच्या रश्शात किंवा जुन्या चीजमध्ये असते तशी ‘उमामी’. स्वाद म्हणजे ही चव, त्यात मिसळलेला वास, तोंडातला स्पर्श आणि चावण्याचा आवाज यांची बेरीज. या बेरजेत वासाचा वाटा फार मोठा असतो. घास चावताना त्याचा वास घशामागून नाकात चढतो आणि आपल्याला वाटतं की ते सगळं जिभेवरच घडतंय. सर्दीत जेवण बेचव लागतं ते यामुळेच. जीभ शाबूत असते, नाक बंद असतं.

पडद्यावरून यातलं काय पोहोचतं? चव नाही, वास नाही, स्पर्श नाही. फक्त चित्र आणि आवाज. ही उणीव भरून काढायचे प्रयत्न झाले. १९६० मध्ये ‘सेंट ऑफ मिस्टरी’ या सिनेमासाठी थिएटरातल्या खुर्च्यांपर्यंत नळ्या नेऊन प्रसंगानुसार वास सोडण्याची यंत्रणा बसवली होती. वास उशिरा पोहोचायचे, आणि प्रयोग तिथेच थांबला. १९८१ मध्ये ‘पॉलिएस्टर’ या सिनेमाच्या प्रेक्षकांना दहा ठिपक्यांचं कार्ड दिलं गेलं. पडद्यावर आकडा दिसला की तो ठिपका खरवडायचा आणि हुंगायचा. गंमत म्हणून ते आठवणीत राहिलं, रुळलं नाही.

त्याची गरजच नव्हती, असं मला वाटतं. लिंबू कापताना पाहिलं तरी तोंडाला पाणी सुटतं. हा नुसता वाक्प्रचार नाही, शरीरात खरोखर घडणारी क्रिया आहे. अन्न दिसलं, किंवा अन्नाची चाहूल लागली, की लाळ सुटते, पोट पाचकरसाची तयारी करतं. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्या प्रयोगातल्या कुत्र्यांना तर अन्नाशी जोडलेली खूणही पुरत असे. शरीर घासाची वाट पाहत बसत नाही. खुणेवरच कामाला लागतं. म्हणजे दिग्दर्शकाने अन्न पाठवायचं नसतंच, खूण पाठवायची असते.

आणि सगळ्यांत भरवशाची खूण असते खाणाऱ्याचा चेहरा.

१९२५चा ‘द गोल्ड रश’ आठवा. बर्फात अडकलेला, उपासाने कासावीस झालेला चार्ली चॅप्लिन स्वतःचा बूट उकडतो. तो ताटात काढतो, सुरीने अदबीने कापतो. बुटाची नाडी काट्याला गुंडाळून शेवयांसारखी खातो. तळाचे खिळे एकेक करून हाडांसारखे चोखतो. सिनेमा मूक आहे, काळा-पांढरा आहे. रंग नाही, आवाज नाही. तरीही चामडं कुठे मऊ शिजलंय आणि कुठे चिवट राहिलंय हे आपल्याला कळतं. चित्रीकरणासाठी तो बूट लिकरिशचा, म्हणजे ज्येष्ठमधाच्या काळ्या मिठाईचा केला होता. पण आपल्याला दिसते ती मिठाई नाही. दिसतो तो उपाशी माणूस, ज्याने हातातल्या वस्तूला जेवण मानायचं ठरवलंय. त्याच्या बोटांवर विश्वास बसला की बुटावर आपोआप बसतो.

याच्या उलट बाजूचं उदाहरणही बघण्यासारखं आहे. १९७१च्या ‘विली वाँका अँड द चॉकलेट फॅक्टरी’मध्ये जीन वाइल्डर चहा पिऊन झाल्यावर पिवळ्या फुलाचा तो कपच कुरतडून खातो. तो कप मेणाचा होता. प्रत्येक वेळी चावायचं आणि दृश्य संपलं की थुंकायचं. तिथली प्रसिद्ध चॉकलेटची नदी म्हणजे पाण्यात मिसळलेलं चॉकलेट आणि साय. चित्रीकरण लांबलं तशी ती नासली, तिला घाण वास यायला लागला. त्या काठावर उभं राहून मुलांनी डोळे विस्फारले, आणि पन्नास वर्षं लोकांना त्या नदीत ओंजळ बुडवाविशी वाटतेय. प्रत्यक्षातला वास पडद्यापलीकडेच राहिला, आणि आपल्यापर्यंत पोहोचला तो त्या मुलांच्या डोळ्यांतला.

रंग आणि आवाज यांची चलाखी

चेहऱ्याच्या जोडीला दोन मदतनीस असतात. पहिला रंग. २००१ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या संशोधकांनी वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली, तिच्यात बिनवासाचा लाल रंग मिसळून. विद्यार्थ्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. जे तज्ज्ञ व्हायला निघाले होते त्यांचंही नाक डोळ्यांच्या मागे गेलं.

आता ‘स्टार वॉर्स’मधलं (१९७७) निळं दूध घ्या. नायक ल्यूकच्या घरी साधं जेवण चाललंय, काकू दूध ओततेय, आणि ते निळं आहे. त्याबद्दल कुणीही चकार शब्द काढत नाही. निसर्गात खरोखर निळं अन्न फार विरळा. ज्याला ब्लूबेरी म्हणतात तिचा रसही जांभळाच निघतो. त्यामुळे निळं दूध पाहिल्याबरोबर मनात नोंद होते की ही आपली पृथ्वी नव्हे. आणि घरच्यांना त्याचं काहीच वाटत नाही, यावरून दुसरी नोंद होते की इथे हे रोजचंच आहे. परग्रहावरचं घर उभं करायला जिथे लाखोंचा खर्च झाला असता, तिथे चिमूटभर रंगाने काम भागवलं. मला हे दृश्य फार शहाणं वाटतं.

दुसरा मदतनीस आवाज. २००४च्या एका प्रयोगात लोकांना कानाला हेडफोन लावून बटाट्याचे वेफर्स खायला दिले. चावण्याचा आवाज मोठा केला की तेच वेफर्स जास्त ताजे आणि कुरकुरीत वाटायचे. म्हणून सिनेमात चुरचुर, कुरकुर, सुर्र हे आवाज बहुधा नंतर, वेगळे नोंदवून भरतात. जपानी ॲनिमेशनपटांतलं जेवण इतकं लोभस का वाटतं, याचं अर्धं उत्तर इथे आहे. ‘हाऊल्स मूव्हिंग कॅसल’मध्ये (२००४) तव्यावर बेकन तडतडतं, एका हाताने अंडी फुटतात, टरफलं चुलीतला जिवंत जाळ गिळतो. डोळे मिटून नुसतं ऐकलं तरी भूक चाळवते.

ताटात दिसते ती दुनिया

आतापर्यंत पाहिलं ते ‘कसं’. आता ‘कशासाठी’.

परक्या जगाची ओळख करून द्यायची तर लेखक तिथली राज्यव्यवस्था पानभर समजावू शकतो, किंवा तिथला माणूस काय खातो ते दाखवू शकतो. एखाद्याच्या घरी तुम्ही जेवायला बसलात की अर्ध्या तासात त्या घराची ऐपत, शिस्त, प्रेम आणि कुरबुरी कळतात. तसंच हे.

‘सॉयलंट ग्रीन’ (१९७३) हा सिनेमा २०२२ सालच्या न्यूयॉर्कमध्ये घडतो, म्हणजे तेव्हाच्या भविष्यात. शहर माणसांनी उतू चाललंय, शेती संपलीय. लोकांना मिळतात कंपनीने बनवलेल्या रंगीत वड्या: लाल, पिवळ्या आणि नव्या हिरव्या. एका प्रसंगात स्ट्रॉबेरीच्या मुरांब्याची एक बरणी दिसते, आणि तिची किंमत निघते १५० डॉलर. त्या एका बरणीने त्या जगाचं अर्थशास्त्र सांगून टाकलं. पुढे नायक आणि त्याचा वयस्क मित्र यांना थोडं खरं मांस, थोडी पालेभाजी, एक सफरचंद मिळतं. म्हाताऱ्याला जुने दिवस आठवतात. तरुणाने असलं काही कधी खाल्लेलंच नाही. दोघं जवळजवळ न बोलता जेवतात. हिरव्या वडीत काय आहे हे शेवटचं रहस्य (ती मेलेल्या माणसांपासून बनते) सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्या रहस्याचा घाव बसतो तो या जेवणामुळे. काय गमावलं हे आधी चाखायला मिळालं, म्हणून.

इथे एक तपशील सांगायलाच हवा. ज्या हॅरी हॅरिसन यांच्या १९६६च्या कादंबरीवर हा सिनेमा बेतला, तिच्यात नरमांसाचा मागमूसही नाही. तिथे ‘सॉयलंट’ म्हणजे सोयाबीन आणि मसूर यांच्या इंग्रजी नावांची सांगड, बस्स. भयाण अर्थ सिनेमाने जोडला. २०१३ मध्ये अमेरिकेत ‘सॉयलंट’ याच नावाचं, जेवणाऐवजी प्यायचं पेय बाजारात उतरवण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा बहुतेकांना सिनेमाच आठवला.

‘स्नोपियर्सर’मध्ये (२०१३) बर्फाळलेल्या पृथ्वीभोवती धावणारी एक आगगाडी आहे. शेवटच्या डब्यातल्या गरिबांना जेलीसारख्या काळसर वड्या मिळतात, किड्यांपासून बनवलेल्या. पुढच्या डब्यात सुशी असते, पण वर्षातून फक्त दोनदा, कारण माशांच्या टाकीचा समतोल राखायचा असतो. वर्गभेदावर इतकं नेमकं भाष्य भाषणांतून क्वचितच होतं.

कधी अन्न म्हणजे नागरिकत्वसुद्धा असतं. ‘स्पिरिटेड अवे’मध्ये (२००१) चिहिरो ही मुलगी आत्म्यांच्या दुनियेत भरकटते आणि हळूहळू पारदर्शक व्हायला लागते. तिला वाचवायला हाकू नावाचा तिथला मुलगा तिथलंच एक छोटं फळ खायला देतो. त्या जगाचा घास पोटात गेल्याशिवाय ती तिथे टिकणार नाही. तिच्या आईवडिलांनीही त्या जगाचं अन्न खाल्लेलं असतं, पण न विचारता, आणि हावरटासारखं, म्हणून ते डुक्कर होतात. नंतर हाकू तिला भाताचे गोळे देतो. ती एक घास घेते आणि तोवर रोखून धरलेलं रडू फुटतं, मोठाल्या थेंबांनी. हा प्रसंग मी कितीदा पाहिला याचा हिशेब नाही. साधा भात आहे. पण कुणीतरी आपल्यासाठी करून आणलाय, एवढं कळल्यावर माणूस कसा मोकळा होतो, ते त्यात आहे.

“पण असलं काही शक्य तरी आहे का?”

हा प्रश्न हटकून येतो, आणि त्याचं उत्तर आकड्यांत देता येतं. एका चघळगोळीत तीन पदार्थांचं जेवण (वाँकाकडे टोमॅटोचं सूप, भाजलेलं मांस आणि बटाटा, मग ब्लूबेरी पाय), एका घासात पोट भरणारी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधली लेम्बास नावाची भाकरी, अंतराळवीराची जेवणाची गोळी. ही सगळी एकाच स्वप्नाची रूपं आहेत: जेवण आकसून लहान करायचं.

प्रौढ माणसाला दिवसाला साधारण २००० किलोकॅलरी ऊर्जा लागते असं धरू. अन्नात ऊर्जा सर्वांत दाटीने भरलेली असते ती स्निग्ध पदार्थांत, एका ग्रॅमला ९ किलोकॅलरी. भागाकार करा: २२२ ग्रॅम. म्हणजे दुसरं काहीही न घेता निव्वळ तेल प्यायलं तरी वाटीभराहून जास्त लागेल. एकेक ग्रॅमच्या गोळ्या केल्या तर दिवसाला दोनशेवर. प्रथिनं आणि पिष्टमय पदार्थ यांची ऊर्जा ग्रॅममागे ४ किलोकॅलरीच, त्यामुळे त्या गोळ्यांची संख्या आणखी वाढते. जीवनसत्त्वं गोळीत मावतात कारण ती मिलिग्रॅममध्ये लागतात. ऊर्जा मावत नाही. गणितच आडवं येतं.

शिवाय पोट भरणं आणि ऊर्जा मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. जठर ताणलं गेलं की मेंदूला ‘आता पुरे’ असा निरोप जातो. इवल्या घासाने जठर ताणलं जाणार नाही, त्यामुळे लेम्बासचा एक तुकडा खाऊनही भूक बोंबलतच राहील. लांबच्या प्रवासाला अख्खी लेम्बास, चांगली तुपट आणि घट्ट केलेली, उपयोगी पडेल. एक घास मात्र नाही.

अशक्याच्या जवळ जाणारं काही निसर्गात आहे, हे इथे सांगितलं पाहिजे. पश्चिम आफ्रिकेतल्या एका झुडपाचं लाल फळ चघळलं की त्यानंतर काही वेळ आंबट वस्तू गोड लागतात. त्यातलं मिराक्युलिन नावाचं प्रथिन जिभेवरच्या गोडाच्या ग्राहकांना चिकटतं आणि आम्लाचा स्पर्श झाला की त्यांना जागं करतं. लिंबू तेच राहतं, जीभ बदलते. वाँकाने हे फळ नक्की विकायला ठेवलं असतं.

“मग दुकानात मिळतं ते खरं की खोटं?”

कथेतली वस्तू प्रत्यक्षात बाजारात येण्याची चाल जुनी आहे. नेहमीच्या जाहिरातीत आधी वस्तू असते, मग ती सिनेमात शिरते. ‘ई. टी.’मध्ये (१९८२) परग्रहवासीयाला भुलवायला रंगीत गोळ्या टाकतात; त्या आधीच बाजारात होत्या आणि सिनेमानंतर त्यांचा खप वाढला. काल्पनिक पदार्थाचा प्रवास उलटा असतो. आधी कथा, मग भूक, सर्वांत शेवटी वस्तू. ‘फॉरेस्ट गम्प’ (१९९४) या सिनेमात नायक आपल्या मृत मित्राला दिलेला शब्द पाळायला कोळंबीचा धंदा काढतो. दोनच वर्षांत, १९९६ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे सिनेमातल्या त्या धंद्याच्या नावाचं खरं उपाहारगृह सुरू झालं.

बटरबिअरचं उदाहरण जास्त बोलकं आहे. हॅरी पॉटरच्या कथेत थंडीत कुडकुडत आलेली मुलं ती पितात आणि आतून ऊब पसरते. पाककृती कुठेच नाही. २०१० मध्ये ऑरलँडोच्या थीम पार्कमध्ये ती विकायला आली, बिनदारूची, बटरस्कॉचच्या अंगाची, वर फेस. लाखो लोकांनी ती प्यायली. काहींना आवडली, काहींना फार गोड लागली. योगायोग असा की सोळाव्या शतकातल्या एका इंग्रजी पाकपुस्तकात बिअर, अंड्याचा बलक, साखर, मसाले आणि लोणी घालून केलेल्या खऱ्या ‘बटर्ड बिअर’ची कृती आहे. पण कृती जुनी असली म्हणून कथेतली बटरबिअर ती होत नाही.

निराशा का होते, हे आता कळायला सोपं जाईल. वाचताना किंवा पाहताना प्रत्येकाने त्या रिकाम्या जागी आपली स्वतःची आवडती चव भरलेली असते. कुणी दालचिनी, कुणी कॅरॅमल, कुणी आजारपणात मिळालेलं गरम दूध. दुकानातला पेला एकच उत्तर देतो. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीतल्या राजवाड्याचं चित्र पुढे कुणी छापून दाखवलं, की मनातला राजवाडा थोडा मोडतोच, तसं हे. शिवाय कथेतली ऊब त्या पेल्यातून येत नव्हती. बाहेरचा बर्फ, सोबतचे मित्र आणि शाळेतून मिळालेली एका दिवसाची सुटका यांतून ती येत होती. उन्हात रांग लावून घेतलेल्या पेल्यात हे कसं येणार?

तरी मी या पदार्थांना खोटं म्हणणार नाही. कॅलिफोर्नियातल्या ‘स्टार वॉर्स’ पार्कात २०१९ पासून निळं दूध मिळतं, नारळ आणि तांदळाच्या दुधाचं. त्याचा मूळ दृश्याशी संबंध फक्त रंगाचा. पण पेला हातात घेऊन डोळे मिटणारा माणूस स्वादासाठी आलेला नसतोच. तो त्या घरी, त्या जेवणाच्या टेबलाशी बसायला आलेला असतो. हे समजून घेतलं तर निराशा निम्मी होते.

जे कधी विकलंच नाही, त्याच्या नावाचा मालक कोण?

इथे न्यायालय येतं. एक शब्द समजून घेऊ: ट्रेडमार्क, म्हणजे मालाचा बोलविता धनी कोण हे ग्राहकाला सांगणारी खूण. मग ज्या दुकानाने एकही बर्गर विकला नाही, त्याच्या नावाला ट्रेडमार्क कसा?

टेक्सासमधल्या एका कंपनीने ‘क्रस्टी क्रॅब’ नावाने उपाहारगृहं काढायचं ठरवलं. ‘स्पंजबॉब’मध्ये क्रॅबी पॅटी जिथे मिळते त्या खानावळीचं हे नाव. मालिकेच्या मालकांनी दावा लावला. २०१८ मध्ये अमेरिकेच्या पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने मालकांच्या बाजूने कौल दिला. त्यांचा विचार थोडक्यात असा: ही खानावळ मालिकेच्या २०३ पैकी १६६ भागांत दिसते, तिच्या नावाची खेळणी आणि इतर वस्तू विकल्या जातात, त्यामुळे ते नाव ऐकताच लोकांना मालिकाच आठवते. कुणी खरी खानावळ काढली तर ती मालिकावाल्यांचीच आहे असा समज होणार. ट्रेडमार्कचा हेतूच मुळी हा गोंधळ टाळण्याचा.

ऑस्ट्रेलियात हाच प्रश्न १९९६ मध्ये आला होता. ‘द सिम्पसन्स’ या कार्टूनमधला होमर जी ‘डफ’ बिअर ढोसतो, त्या नावाची बिअर तिथल्या मद्य कंपन्यांनी काढली. डब्यावरचं चित्र मुद्दाम वेगळं ठेवलं होतं, तरी न्यायालयाने विक्री रोखली, कारण ती बिअर विकली जात होती ती कार्टूनच्या पुण्याईवर.

घरी कुणी क्रॅबी पॅटी करून खाल्ली तर? खुशाल करावी. अमेरिकी कायद्यात नुसत्या सामग्रीच्या यादीला कॉपीराइट मिळत नाही. पाककृती ज्या शब्दांत लिहिली त्या लिखाणाला मिळू शकतो. पदार्थ मोकळा आहे, त्याच्या नावावर धंदा करणं मोकळं नाही.

“शेवटी ही सगळी जाहिरातबाजीच ना?”

आक्षेप निराधार नाही. १९७१च्या वाँका सिनेमाला पैसे पुरवले ते ओट्स विकणाऱ्या एका बड्या अमेरिकी कंपनीने, आणि तिला त्यातून वाँकाच्या नावाचं चॉकलेट विकायचं होतं. म्हणजे हेतू उघडउघड व्यापारी. पण पुढे काय झालं पाहा. ते चॉकलेट नीट जमलं नाही, दुकानांतून मागे घ्यावं लागलं. सिनेमाही प्रदर्शनाच्या वेळी फारसा चालला नाही. टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवला गेला तसा तो पिढ्यांच्या मनात रुजला. ज्यासाठी पैसे ओतले ते चॉकलेट विसरलं गेलं, आणि मेणाचा कप कुरतडणारा माणूस राहिला. वाँकाच्या नावाची मिठाई नंतर बरीच वर्षं खपली, तीही त्या माणसामुळे.

पैशाने पदार्थ पडद्यावर आणता येतो. त्याची भूक लावता येते का, हे खाणाऱ्यावर ठरतं. ‘मेट्रिक्स’मध्ये (१९९९) यंत्रांनी माणसांना एका आभासी जगात अडकवलंय. तिथे एका बाजूला एक फितूर माणूस रसाळ मांसाचा तुकडा काट्याला टोचून म्हणतो की हे खोटं आहे हे मला ठाऊक आहे, तरी मला हेच हवंय. दुसऱ्या बाजूला जहाजावरची खरी माणसं पांढरी, बेचव पेज ओरपतात, आणि त्यांच्यातला पोरगेला मुलगा विचारतो: न्याहारीच्या लापशीची चव यंत्रांना कळली तरी कशी असेल? बरोबर कळली कशावरून? सहकारी हसून विषय बदलतात. मला तो या विषयावरचा सर्वांत प्रामाणिक प्रश्न वाटतो. पडद्यासमोर बसलेले आपण सगळे त्या यंत्रांच्याच जागी असतो. कधी न चाखलेल्या पदार्थाची चव अंदाजाने बांधत असतो.

‘हुक’ (१९९१) या सिनेमात पीटर पॅन मोठा झालाय, वकील झालाय, सगळं विसरलाय. हरवलेल्या मुलांसोबत तो पंगतीला बसतो. भांड्यांतून वाफा निघतात, झाकणं उघडतात आणि आत काहीच नसतं. मुलं मात्र मिटक्या मारत जेवताहेत. पीटर चिडतो, उपाशी बसतो. मग समोरच्या पोराशी भांडता भांडता, शिव्यांची चढाओढ रंगात आल्यावर, तो नकळत रिकामा चमचा भरून घेतो आणि त्याच्या तोंडावर भिरकावतो. चमच्यातून रंगीत लगदा उडतो आणि पोराच्या तोंडावर थापकन बसतो. सगळे गप्प. पीटर आधी त्या माखलेल्या चेहऱ्याकडे पाहतो, मग टेबलाकडे. टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेलं असतं.